शवासनात डोळे मिटले की छातीत धडधड सुरू होते. कुणाला असा अनुभव?

पारिजातक

नमस्कार मंडळी,

विषय जरा वैयक्तिक आहे. पण इथे योगासनं करणारे, शिकवणारे आणि योगाचं नाव काढताच नाक मुरडणारे असे सगळेच आहेत, म्हणून इथेच विचारते.

वय ४६. बाबांना पार्किन्सन्स होता. शेवटची काही वर्षं त्यांचं सगळं घरीच केलं. मागच्या पावसाळ्यात ते गेले. दिवसकार्य, बँकेची कामं, आईची व्यवस्था या धबडग्यात मी ठणठणीत होते. सगळं उरकलं आणि मग झोप उडाली. पहाटे साडेतीनला टक्क जाग येते. जबडा आवळलेला, खांदे कानाला लागलेले. मैत्रीण म्हणाली, योगाच्या क्लासला चल, बरं वाटेल.

गेले. सूर्यनमस्कार, त्रिकोणासन, वीरभद्रासन, सगळं छान जमतं. घाम येतो, डोकं तेवढा वेळ गप्प बसतं. पण शेवटी शवासन. दिवे मंद, डोळे बंद, बाई हळू आवाजात "सगळं सोडून द्या" म्हणतात आणि माझ्या छातीत धडधड सुरू. कधी घशाशी हुंदका येतो, कधी नुसतंच उठून पळावंसं वाटतं. बाजूच्या काकू तोवर घोरायला लागलेल्या असतात.

बाईंना सांगितलं. म्हणाल्या, "साठलेलं बाहेर पडतंय, येऊ द्या." असेलही. पण मला काही बाहेर पडल्यासारखं वाटत नाही, उलट कोंडल्यासारखं वाटतं.

तर विचारायचं असं, की हे सोसत राहायचं का शवासन सोडून द्यायचं? आणि आसनांचा, श्वासाचा या भीतीशी, दुःखाशी नेमका संबंध काय? "योगाने मन प्रसन्न होतं" एवढ्यावर माझं समाधान होत नाही. तुम्ही प्रत्यक्ष काय करता ते सांगा.

शंकासूर

शवासन सोडा, आल्याचा चहा घ्या. (हलके घेणे.)

राधाक्का

पारिजातक, तू एकटी नाहीस गं. यांच्या बायपासनंतर माझंही असंच व्हायचं. हॉस्पिटलात एक टिपूस काढलं नाही आणि मग एकदा क्लासमध्ये बालासनात कपाळ जमिनीला लागलं नि बांध फुटला. मी तर चटई गुंडाळून घरीच आले. सवडीने लिहीन. तोवर वाचतेय.

वीणावादिनी

पारिजातक, मी पुण्यात अय्यंगार पद्धतीने शिकले आणि आता बरीच वर्षं शिकवते. तुमच्या बाईंचा हेतू चांगलाच असणार, पण "येऊ द्या" एवढंच सांगून शिक्षकाने पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लोकांना वाटतं शवासन म्हणजे शेवटची सुट्टी. माझ्या मते ते सगळ्यांत अवघड आसन आहे. हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथात त्याला 'श्रान्तिहरं' आणि 'चित्तविश्रान्तिकारकम्' म्हटलंय, थकवा घालवणारं, चित्ताला विसावा देणारं. खरं आहे. पण ज्याचं चित्त वर्षानुवर्षं पहाऱ्यावर आहे (रात्री बाबा उठले का, पडले का, गोळी दिली का) त्याला एकदम उताणं झोपवून, डोळे मिटायला लावून "सोड" म्हटलं तर ते सोडणार कसं? पोट, छाती, गळा सगळं उघडं, त्यात अंधार. शरीर उलट जास्तच सावध होतं.

आमच्याकडे एक गोष्ट पहिल्यापासून शिकवतात. मन खचलेल्या माणसाला फार वेळ डोळे मिटून पडू द्यायचं नाही. त्याची छाती वर उचलायची, डोळे उघडे ठेवायला सांगायचे. आणि ज्याचं मन सैरभैर आहे त्याच्या कपाळाला आधार द्यायचा. गुरुजींनी (बी. के. एस. अय्यंगार) लोड, विटा, पट्टे, खुर्च्या, दोर हे सगळं आणलं ते लाडासाठी नव्हे. स्नायूंना धरून ठेवायचं काम उरू नये, म्हणजे श्वासाकडे बघायला जागा होते, यासाठी ते आहे.

घरी करण्यासारखं सांगते. स्टुडिओचं सामान नको. दिवाणखान्यातला लोड किंवा दोन सतरंज्यांची घट्ट गुंडाळी चालते.

गुडघ्यांवर बसा, पायाचे अंगठे जुळलेले, गुडघे लोडाच्या दोन बाजूंना. पुढे वाका आणि पोट, छाती, कपाळ सगळं लोडावर सोपवा. लोड बुटका वाटला तर वर घडी केलेली रजई. हे अधोमुख वीरासन. मान लोंबकळता कामा नये. कपाळाची त्वचा हळूच भुवयांकडे सरकेल असं टेकवा. डोळे हवे तर अर्धे उघडे. काही मोजायचं नाही, फक्त श्वास सोडताना पाठ खाली जाते का ते बघायचं.

ज्यांना वाकून कोंडल्यासारखं होतं त्यांनी जेवणाच्या टेबलासमोर खुर्चीवर बसावं, टेबलावर घडी केलेलं पांघरूण ठेवावं आणि हातांची घडी घालून त्यावर कपाळ टेकवावं. शाळेत बाई "डोकं खाली" म्हणायच्या ना, अगदी तसंच. ऑफिसातही करता येतं.

दुपारनंतर मन बुडायला लागलं तर याच्या उलट. लोड पाठीखाली आडवा, छाती वर, डोकं मागे दुसऱ्या आधारावर, नजर छताकडे. नाहीतर भिंतीला पाय लावून विपरीत करणी. पण काचबिंदू असेल, डोळ्यांचा दाब वाढलेला असेल तर उलटी आसनं नकोत. रक्तदाब काबूत नसेल तरी आधी विचारून.

आणि शवासन? कुशीवर झोपा. डोक्याखाली उशी, दोन गुडघ्यांत उशी, पाठ भिंतीला लागलेली. डोळे उघडे. वाटेल तेव्हा उठून बसायची मुभा. ही मुभा आहे हे माहीत असणं, हाच अर्धा उपाय आहे.

पारिजातक

वीणाताई, "पहाऱ्यावर" हा शब्द वाचला आणि थांबलेच. बाबांच्या खोलीचं दार उघडं ठेवून झोपायची सवय अजून गेलेली नाही.

चिक्कीवाला

लोणावळ्याला कैवल्यधाम या योगसंस्थेत शिकलो, त्यामुळे थोडी पोथी सोडतो. कंटाळा आला तर पुढे सरका.

पतंजलीचं 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः' (योग म्हणजे चित्ताच्या वृत्ती आवरणं) सगळे सांगतात. मला त्याच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं एकतिसावं सूत्र जास्त कामाचं वाटतं. 'दुःखदौर्मनस्याङ्गमेजयत्वश्वासप्रश्वासा विक्षेपसहभुवः.' चित्त विस्कटलं की त्याच्यासोबत काय काय येतं त्याची ही यादी आहे: दुःख, खिन्नता, अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वास. नीट बघा. दोन गोष्टी मनाच्या, दोन शरीराच्या, आणि चारही एका दावणीला बांधलेल्या. पहाटे साडेतीनचा आवळलेला जबडा यात बरोब्बर बसतो.

मग मनाला थेट हात घालता येत नसेल तर श्वासाकडून जा, असं तोच पुढे चौतिसाव्यात म्हणतो: 'प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य.' म्हणजे, किंवा श्वास बाहेर सोडून आणि धरून. त्यातला 'वा', म्हणजे 'किंवा', मला फार आवडतो. असंही करून बघा, एवढंच. जबरदस्ती नाही. त्याच्या आधीच्या सूत्रात मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा आहेत, नंतरही आणखी पर्याय आहेत. ज्याला जे मानवेल ते.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' नियतकालिक सुरू केलं. नौलीत (पोटाचे स्नायू फिरवायची क्रिया) पोटात दाब किती उतरतो, आत काय हलतं, हे त्यांनी यंत्रं लावून आणि क्ष-किरणांखाली तपासलं. सांगायचा मुद्दा, 'विश्वास ठेवा' ही भाषा आपल्याकडच्या चांगल्या योगशाळांची कधीच नव्हती. मोजा, बघा, नोंद करा अशी होती. पारिजातक, तुम्हीही वही ठेवा. कुठल्या आसनानंतर काय झालं, दोन ओळी. महिन्याभरात तुमचं तुम्हालाच दिसेल.

आणि सध्या कुंभक अजिबात नको. श्वास रोखून धरला की घाबरलेल्याला गुदमरल्यासारखंच होतं.

आजीचा_बटवा

एवढं पाल्हाळ कशाला? रोज सकाळी अर्धा तास कपालभाती आणि भस्त्रिका, जोरात. झोप, थायरॉइड, डिप्रेशन सगळं जातं. आमच्या ओळखीत एकीने गोळ्या फेकून दिल्या. श्रद्धा हवी फक्त.

चिक्कीवाला

बटवा, ज्या प्रदीपिकेच्या नावावर हे खपवलं जातं तिच्यातच लिहिलंय. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करतात तसाच वायू, 'अन्यथा हन्ति साधकम्'. नाहीतर साधकालाच मारतो. आणि पुढच्याच श्लोकात: युक्त प्राणायामाने सर्व रोग जातात, अयुक्त अभ्यासाने सर्व रोग उद्भवतात. लोक पहिली ओळ फलकावर लावतात, दुसरी वाचत नाहीत.

मनोमन

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. इथे कुणाला तपासत नाहीये, सर्वसाधारण लिहितोय.

आधी बटवा यांच्या प्रतिसादाबद्दल. मनोविकाराच्या गोळ्या अशा फेकून देऊ नयेत. काही औषधं एकदम थांबवली तर चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश होतो, आणि मूळ आजार उलटतो तो वेगळाच. कमी करायच्या असतील तर डॉक्टरांसोबत, टप्प्याटप्प्याने. ज्यांना पॅनिकचे झटके येतात त्यांनी जोरजोरात, भराभर श्वास घेण्याचे प्रकार टाळावेत. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मग हातपाय मुंग्या, हलकं डोकं, ओठ बधिर. ही लक्षणं पॅनिकसारखीच असल्याने माणूस आणखी घाबरतो. ज्यांना बायपोलर आहे, कधी उन्मादाचा काळ येऊन गेलाय, त्यांनी तर विचारल्याशिवाय असले प्रकार करूच नयेत.

आता पारिजातक यांचा मूळ प्रश्न. शिथिलीकरण करताना चिंता वाढणं हे आमच्या शास्त्राला १९८०च्या दशकापासून ठाऊक आहे. वेड नव्हे, दुर्मिळही नव्हे. सतत ताणात राहिलेल्या शरीराला ताण ओळखीचा असतो, सैल होणं अनोळखी. बाहेरचे आवाज, उजेड, कामं बंद झाली की लक्ष आत वळतं आणि आत जे पहिलं सापडतं ते म्हणजे हृदयाचे ठोके. ते ऐकून भीती, भीतीने ठोके जलद. चक्र सुरू.

ते चक्र उच्छ्वासापाशी सोडवता येतं. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना किंचित उतरते. हे सगळ्यांतच होतं, यात व्हेगस मज्जातंतूचं काम आहे. म्हणून सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांबवलं तर शरीराला धोका टळल्याचा निरोप पोचतो. मनात तीनपर्यंत मोजत घ्या, चार-पाचपर्यंत मोजत सोडा. जमलं तर हळूहळू मिनिटाला सहाच्या आसपास श्वास. नाही जमलं तर मोजणं सोडून नुसतं 'हं' म्हणत गुणगुणा, उच्छ्वास आपोआप लांबतो. भ्रामरी म्हणजे तरी काय? त्यात कान-डोळे बंद करायची सक्ती माझ्या पेशंटांना मी करत नाही.

दोन गोष्टी मात्र आधी करून घ्या. रक्ताच्या तपासण्या (टीएसएच म्हणजे थायरॉइडची, हिमोग्लोबिन, बी-१२) आणि एक ईसीजी. थायरॉइड जास्त काम करत असलं तरी धडधड आणि झोपमोड होते, रक्त कमी असलं तरी धडधड होते. वय ४६ आहे, पाळीच्या बदलांचाही विचार व्हायला हवा. सगळं खापर दुःखावर फोडू नये. आणि दुःख हा आजार नाही हे खरं, पण बरेच महिने झाले तरी जेवण, झोप, काम रुळावर येत नसेल, जगण्यात राम नाही असं वारंवार वाटत असेल, तर योगवर्गाच्या भरवशावर बसू नका. भेटा कुणाला तरी. लगेच जमत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, विनाशुल्क, मराठीतही बोलता येतं.

शंकासूर

चहाचा विनोद मागे घेतो. पण मनोमन, योगामुळे फरक पडतो याला पुरावा किती? 'बरं वाटतं' हे भजनानेही वाटतं, क्रिकेटनेही वाटतं.

मनोमन

प्रश्न रास्त आहे. अनेक अभ्यास छोटे, काही ढिसाळ. पण एक २०१४चा सांगतो, कारण तो या धाग्याच्या जवळचा आहे. बॉस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने ६४ स्त्रिया घेतल्या. सगळ्यांना आघातानंतरचा जुनाट मनोविकार (पीटीएसडी), उपचारांना दाद न देणारा. निम्म्यांना आठवड्याला एक तास आघाताचं भान ठेवून शिकवलेला योग, निम्म्यांना तेवढाच वेळ आरोग्यशिक्षणाचा वर्ग, दहा आठवडे. शेवटी योगाच्या गटातल्या ५२ टक्के स्त्रियांना तो निदानाचा शिक्का लागू राहिला नाही, दुसऱ्या गटात २१ टक्के. गंमत अशी, की पहिल्या निम्म्या काळात दोन्ही गट सुधारले. नंतर दुसरा घसरला, योगाचा टिकला.

संख्या लहान आहे हे तुमच्या आधी मीच म्हणतो. आणि हा योग उपचाराच्या जोडीला होता, उपचाराऐवजी नव्हता. माझ्या मते त्यातली महत्त्वाची गोष्ट कोणती आसनं केली ही नाहीच. शिकवण्याची पद्धत ही आहे. "हात वर करा" असं न म्हणता "वाटलं तर हात वर नेऊन बघा, खांद्यात काय जाणवतंय?" असं विचारायचं. ज्याच्या शरीरावर काही काळ त्याचा स्वतःचा ताबा नव्हता, त्याला निवड परत देणं.

परदेशी_पाखरू

अगदी! मी न्यू जर्सीत आहे. इथल्या स्टुडिओत उदबत्ती, 'नमस्ते' आणि महागडी चटई बघून पहिल्यांदा मलाही हसू आवरेना. पण एक चाल आवडली. वर्ग सुरू होताना चटईशेजारी एक छोटी चकती ठेवतात. एका बाजूला 'हात लावून सुधारलेलं चालेल', दुसऱ्या बाजूला 'नको'. वाटेल तेव्हा उलटा. माझ्या लहानपणी आमचे सर पश्चिमोत्तानासनात मागून येऊन पाठीवर आपला सगळा भार टाकायचे आणि वर "आता कसं गेलं!" म्हणायचे. बोलायची कुणाची टाप होती?

वीणावादिनी

पाखरू, मुद्दा मान्य. आमची पद्धत हात लावून सुधारणारी म्हणूनच ओळखली जाते, आणि आमच्यातल्या जुन्या लोकांना हे विचारून वगैरे करणं नाटकी वाटतं. मला वाटत नाही. चटईशेजारी चकती नाही ठेवली तरी "हात लावू का?" विचारायला कितीसा वेळ लागतो. मात्र पर्यायांच्या नावाखाली काहीच न शिकवणं हेही मी बघितलंय. गुडघा चुकीच्या दिशेने वळतोय आणि शिक्षक म्हणतायत, "तुम्हाला काय जाणवतंय?" अहो, संध्याकाळी जाणवेल त्याला!

नागपुरी संत्रं

आमच्या इकडचं सांगतो. जनार्दनस्वामींच्या मंडळाचे वर्ग असतात, पहाटे, फी वगैरे भानगड नाही. प्रार्थना, आसनं, थोडा प्राणायाम, संपलं. आमचे मोठे काका रेल्वेतून रिटायर झाले, त्याच सुमारास काकू गेल्या. माणूस पार मुका झाला होता. कोणीतरी वर्गाला ओढून नेलं. आता यात आसनांचा भाग किती अन् माणसांचा किती, मले सांगता येत नाही. काका एक दिवस गेले नाही तर दुसऱ्या दिवशी चार लोक विचारत, "काल कुठं होता हो?" त्या विचारण्यापायी ते थंडीतही उठत. पुढं ते स्वतःच नव्या लोकांना सतरंज्या घालून देऊ लागले. घरी बसून यूट्यूब लावून हे होत नसते.

राधाक्का

संत्रं, अगदी बरोबर बोललात. मी सवडीने लिहीन म्हटलं होतं ते हेच. मला शेवटी मानवलं ते ताडासन. हसू नका. ओट्याजवळ उभी राहून, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. दोन्ही तळव्यांवर वजन सारखं आहे का, एवढंच बघायचं. माझं सगळं वजन कायम उजव्या पायावर असायचं, जणू आत्ता पळायचंय. ते कळायला लागलं आणि दोन्ही पायांवर उभी राहायला लागले, तशी फोन वाजला की पोटात गोळा यायचा तो कमी झाला. का, ते मनोमनना ठाऊक. मी काही डोळेबिळे मिटले नाहीत.

मांडवी

योगनिद्रेबद्दल कुणी बोललं नाही? मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांची पद्धत. झोपूनच करायची, पण मनाला मोकळं सोडत नाहीत. उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट, तळवा, मनगट अशी जाणीव सगळ्या अंगावरून फिरवत नेतात, मग जड-हलकं, थंड-उष्ण अशा जोड्या. पणजीला आमच्या वर्गात रात्रपाळीच्या नर्स येतात, त्यांना याचा फार आधार वाटतो.

वीणावादिनी

मांडवी, चांगलं आठवलं. पारिजातकना मात्र मी सुरुवातीला फक्त हातापायांपर्यंतच फिरवायला सांगेन, छातीवर थांबायचं नाही. आणि घरी लावताना आवाज ओळखीच्या माणसाचा असला तर उत्तम.

धावता_धोटा

मी इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलंय. सुरुवातीचे दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास, नंतर अंगभर संवेदना बघणं. बोलणं बंद, फोन जमा. मला भरपूर मिळालं. तरीही नुकतंच जवळचं कुणी गेलंय आणि डोळे मिटले की धडधडतंय, अशा माणसाला मी "आत्ताच जा" म्हणणार नाही. दहा दिवस मौनात त्या धडधडीसोबत बसायचं म्हणजे खायचं काम नाही. जाणार असाल तर अर्जात मनाच्या तब्येतीबद्दल, औषधांबद्दल विचारतात, तिथे खरंखरं लिहा. लोक प्रवेश नाकारतील म्हणून लपवतात.

मनोमन

धोटा यांच्या शेवटच्या दोन वाक्यांखाली माझी सही.

पारिजातक

सगळ्यांचे आभार. मधे बरेच दिवस गेले, थोडं कळवते.

तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन चांगलंच कमी निघालं, बाकी ठीक. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात. म्हणजे धडधडीत थोडा वाटा त्याचाही असणार. दुःखाचा किती आणि रक्ताचा किती, हा हिशोब मांडत बसायचं नाही असं ठरवलंय.

बाईंशी बोलले. त्या आधी जरा हिरमुसल्या, मग म्हणाल्या, "तुम्ही भिंतीकडची जागा घ्या." आता मी शवासनात कुशीवर असते, डोळे उघडे, समोर खिडकी. रोज छान होतं असं नाही. एकदा हुंदका आलाच, पण घाबरले नाही, रडले आणि रुमाल घेऊन पुन्हा पडले. शेजारच्या काकू घोरत होत्याच. लोडावर कपाळ टेकवणं सगळ्यांत जास्त आवडलंय. जबडा आवळलाय हे आता दिवसाही लक्षात येतं, भाजी चिरताना वगैरे. साडेतीनची जाग कमी झालीय, गेलेली नाही. जाग आली की गुणगुणते. नवरा म्हणतो, घरात भुंगा पाळलाय.

आता खरा प्रश्न वेगळाच आहे. आई. वय ७४, हाडं ठिसूळ झालीत, मागे एकदा मनगट मोडलं होतं. दिवसभर बाबांच्या आरामखुर्चीत बसून असते. माझं लोडाचं प्रकरण बघून परवा स्वतःहून म्हणाली, मलाही काहीतरी दाखव. काय दाखवू?

वीणावादिनी

स्वतःहून म्हणाल्या ना, मग उशीर करू नका. फक्त एक कडक नियम: हाडं ठिसूळ असताना कंबरेतून गोल होऊन पुढे वाकणं नको, झटक्याने पिळणंही नको. मणक्याला चीर जाऊ शकते. म्हणजे लोडावर कपाळ त्यांच्यासाठी नाही. त्यांच्या हाडांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या आणि मग सगळं खुर्चीवर करा.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसायचं, पाठ सरळ, तळपाय पूर्ण टेकलेले. पोचत नसतील तर खाली पाट. हातांनी खुर्चीच्या मागच्या कडा धरून छाती हलकेच वर उचलायची, पाचसहा श्वास. मग दोन्ही हात समोरून वर, जिथे खांदा दुखेल त्याच्या अलीकडे थांबायचं. नंतर खुर्चीची पाठ धरून उभं राहायचं, टाचा उचलायच्या-टेकवायच्या. तोल सांभाळायला तुम्ही शेजारी उभ्या राहा. एवढ्यावर बास. आणि तुम्ही नुसतं दाखवू नका, दुसरी खुर्ची घेऊन समोर बसा आणि सोबत करा. जागा मात्र आरामखुर्चीपासून लांब, शक्यतो खिडकीपाशी, सकाळच्या उन्हात.

शंकासूर

माझ्याही आईला दाखवणार आहे. प्लास्टिकची खुर्ची चालेल?

वीणावादिनी

अजिबात नको. तिचे पाय फाकतात, सरकते. लोखंडी, घडीची, हात नसलेली घ्या. खाली चटई आणि खुर्चीची पाठ भिंतीला टेकवलेली.